सायक्लोक्रॉस सायकलसाठी परवडणारी ट्यूबलेस चाकं कोणती घ्यावीत?

पाणंदवाट

नमस्कार मंडळी,

दोन वर्षांपूर्वी पुण्याहून एक सेकंडहँड सायक्लोक्रॉस सायकल (चिखल-मातीतल्या शर्यतींसाठीची) आणली. फुलेवाडीत राहतो. सकाळी साडेपाचला बाहेर पडतो, बालिंग्याचा पूल ओलांडला की ज्या पाणंदी फुटतात त्यातली एखादी धरतो आणि उसातून फिरून परत. रविवारी वेळ असेल तर पन्हाळा चढून मसाई पठार. या सायकलवर माझा जीव आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अडचण पंक्चरची. गेल्या ऑक्टोबर ते जानेवारी ११ वेळा ट्यूब बदलली. शेतकरी पाणंदीच्या कडेला बाभळीच्या काट्या लावतात, त्यातले सुटे काटे चाकोरीत पडतात. दिवाळीनंतर सराटे वाळतात. आणि पठारावरच्या जांभ्यावर हवा कमी ठेवली की ट्यूब दगड आणि रिंग यांच्यात चिमटून दोन भोकं पडतात. हवा वाढवली तर चिखलात चाक घसरतं आणि जांभ्यावर हाडं खिळखिळी होतात. त्यामुळे ट्यूबलेसवर (आत ट्यूब नाही, टायरच रिंगवर हवाबंद बसतो) जायचं ठरवलंय.

माझी माहिती: डिस्क ब्रेक, केबलवरचे. पुढचा अ‍ॅक्सल १०० मिमी, मागचा १३५, दोन्ही क्विक रिलीज (खटक्याने सुटणारे). रोटर (ब्रेकच्या चकत्या) ६ बोल्टचे. मागे १० स्पीड. सध्याच्या रिमची (रिंगची) आतली रुंदी १७ मिमी, त्यावर ट्यूबलेसबद्दल काही लिहिलेलं नाही. टायर ७०० × ३३. माझं वजन ७२ किलो.

चाकांसाठी २०,००० रुपये बाजूला काढलेत, टायरचे वेगळे. डोक्यात तीन वाटा आहेत: आहे त्याच रिमला टेप मारून ट्यूबलेस करणं, कंपनीची तयार जोडी मागवणं, किंवा सेकंडहँड कार्बन. तुम्ही काय केलंत ते सांगा.

मिरजकर_तिकटी

पहिली वाट आजच सोडून द्या. मी हे केलंय. साध्या रिमला टेप मारली, ट्यूबलेस टायर बसवला, आत चीक (भोक बुजवणारा द्रव) ओतला. घराभोवती पंधरा दिवस उत्तम चाललं. मग एका रविवारी पन्हाळ्याहून उतरताना वाघबिळाच्या वळणावर पुढचा टायर एका बाजूने रिंगवरून सुटला. हवा एका झटक्यात गेली, मी खडीवर. मनगट प्लास्टरमध्ये सहा आठवडे. मागून एसटी येत होती आणि तिच्या चालकाने वेळेत ब्रेक मारला, म्हणून हे लिहितोय.

नंतर कळलं ते असं. ट्यूबलेससाठी बनवलेल्या रिमला आत दोन्ही कडांना सपाट खांदा असतो आणि खांद्याच्या आतल्या बाजूला बारीकसा उंचवटा. टायरची कड हवेच्या जोराने त्या उंचवट्यावरून उडी मारून खांद्यावर बसते आणि हवा कमी झाली तरी तिथून घसरत नाही. साध्या रिमला हा उंचवटा नसतो, टायरला जागेवर दाबून धरायचं काम ट्यूब करते. तुम्ही ट्यूबच काढून घेतलीत तर त्या कडेला धरायला काही उरत नाही. टेप फक्त तारांची भोकं बुजवते.

उद्यमनगरी

वरच्या प्रतिसादाशी शंभर टक्के सहमत. आता काय घ्यायचं त्याबद्दल.

पाणंदवाट, तुमच्या सायकलचे अ‍ॅक्सल जुन्या पद्धतीचे आहेत ही यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. आज बाजारात येणाऱ्या बहुतेक तयार ग्रॅव्हल (कच्च्या रस्त्याच्या) चाकांना १२ मिमी थ्रू अ‍ॅक्सल असतो (चाकाच्या मध्यातून आरपार जाणारा जाड दांडा), पुढे १२ × १००, मागे १२ × १४२. रोटरही सेंटरलॉकचे, म्हणजे बोल्टऐवजी मध्यावर एका कड्याने आवळायचे. उदाहरणार्थ शिमानोची डब्ल्यूएच-आरएक्स५७० ही जोडी चांगली आहे, ट्यूबलेस आहे, आतली रुंदी २१.६ मिमी. पण ती थ्रू अ‍ॅक्सलची आणि सेंटरलॉकची. तुमच्या चौकटीत बसणार नाही. काही कंपन्यांच्या हबची (चाकाच्या मधल्या भागाची) टोकं बदलून क्विक रिलीज करता येतात, पण ती टोकं मिळतात का हे आधी विचारा, पैसे नंतर भरा.

तुमच्या जागी मी असतो तर चाक भरून घेतलं असतं. रिम नवी, हब साधे, तारा साध्या.

रिम निवडताना डोळे उघडे ठेवून दोन गोष्टी बघा. एक, आतली रुंदी. ३३ ते ४० मिमीच्या टायरला २१ ते २३ मिमी आतली रुंदी छान जमते. १७ वर तोच टायर दिव्याच्या बल्बसारखा फुगतो, वर रुंद आणि बुडाशी अरुंद, आणि कमी हवेत वळणावर कडेला लवंडतो. २३ वर तो खाली रुंद बसतो, उभा राहतो. डब्ल्यूटीबीची एसटी आय२३ ही रिम मी स्वतः चार वर्षं वापरतोय. नावातला २३ म्हणजे आतली रुंदीच. डीटी स्विसची आर ४७० डिस्क २० मिमीची आहे, तीही चालेल.

दुसरी गोष्ट, रिमच्या कडेला आत वळलेला हूक असावा. हल्ली हूक नसलेल्या सरळ भिंतीच्या रिम येतात. त्यात फक्त ट्यूबलेसचेच टायर, तेही त्या रिमसाठी मान्य केलेले, आणि हवेची कमाल मर्यादा ५ बार, म्हणजे साधारण ७२ पीएसआय. तुम्ही इतकी हवा कधी भरणार नाही हे मान्य. पण गगनबावड्याच्या रस्त्यावर टायर फाटला आणि कळे गावातल्या दुकानात साधाच टायर मिळाला, तर हूकवाल्या रिममध्ये तो ट्यूब घालून बसवता येतो आणि माणूस घरी पोचतो. आपल्याकडे हा फरक फार मोठा आहे.

हब शिमानोचे ६ बोल्टचे, ३२ भोकांचे, क्विक रिलीजचे घ्या. एमटीबीचे (माउंटन बाइकचे) चालतील, मागची रुंदी १३५ जुळते. तुमची १० स्पीड कॅसेट (मागच्या दातेरी चकत्यांचा संच) थेट बसेल. पुढे ११ स्पीडला जायचं झालं तर रोड सायकलच्या ११ स्पीड कॅसेटला बॉडी (हबचा कॅसेट बसणारा भाग) १.८५ मिमी जास्त रुंद लागते, ती अशा हबवर बसत नाही. अपवाद शिमानोच्या ११-३४ दातांच्या एचजी७०० आणि एचजी८०० चा. त्या १० स्पीडच्या बॉडीवरही बसतात, सोबत मिळणारा स्पेसर तेवढा काढून ठेवायचा.

पन्हाळा_चढ

मी जरा वेगळं मत मांडतो. २०,००० मध्ये सेकंडहँड कार्बन मिळू शकतं. चाक हलकं झालं की चढावर फरक जाणवतोच. वाघबीळ ते पन्हाळा मी दोन्ही चाकांवर चढलोय.

उद्यमनगरी

@पन्हाळा_चढ, डांबरी चढावर जाणवतो, खरंय. पण मसाई पठारावर जांभ्याच्या धारेवर रिंग आपटली तर अ‍ॅल्युमिनियमला पोचा येतो, तो पान्याने थोडाफार सरळ करून घरी येता येतं. कार्बनला तडा जातो. सेकंडहँड चाकात आधीच तडा असेल तर तो टेपखाली झाकलेला असतो, फोटोत दिसत नाही. विकणारा ओळखीचा असेल आणि तुम्ही टेप काढून आतून बोट फिरवून बघणार असाल तरच विचार करा.

भोगावती_काठ

भावा, मी सरळ सांगतो. मी ट्यूबलेस करून परत ट्यूबवर आलोय. आपल्याकडं एप्रिल-मेच्या उन्हात आतला चीक लई लवकर वाळतोय. मी दोन महिनं सायकल काढली न्हाई, टायर उघडला तर आत नुसत्या साली आणि गोळं. काटा लागला तवा सील करायला काहीच न्हवतं. वर तो चीक महाग. ट्यूब बदलायला मला सात मिनटं लागत्यात, आणि पंक्चर कुठलाबी पोरगा काढून देतोय. ज्याला महिन्यातनं दोनदा सायकल काढायची हाय त्यानं ट्यूबलेसच्या नादाला लागू नये.

शाहूपुरीची_सायकल

@भोगावती_काठ दादा, तुमचा मुद्दा अगदी बरोबर आहे आणि तो कुणी सांगत नाही. चीक म्हणजे शेवटी पाण्यातलं लॅटेक्स. पाणी उडालं की रबर उरतं. मी दर दोन महिन्यांनी, उन्हाळ्यात दीड महिन्यानी, वॉल्व्हचा आतला कोअर काढून एक बारीक काडी आत घालते. काडी ओली निघाली तर ठीक, कोरडी निघाली तर ३० मिली घालते. टायर उघडावा लागत नाही. जो रोज सायकल चालवतो त्याला हे जड नाही. महिन्यातून दोनदा चालवणाऱ्याला मीही ट्यूबच सांगेन.

आणखी एक. गॅसच्या कार्ट्रिजने हवा भरू नका. कार्बन डायऑक्साइडने बऱ्याच प्रकारचा चीक आतल्या आत गोठतो. पंपच न्या. भरलीच गॅसने, तर घरी येऊन ती सोडा आणि साधी हवा भरा.

पाणंदवाट, तुम्ही रोज जाता. तुम्हाला फायदा होईल. मी तीन वर्षांत रस्त्यावर दोनदा थांबले आहे. एकदा काचेने टायरची भिंत चिरली तेव्हा, आणि एकदा उसाच्या ट्रॉलीतून पडलेला बोल्ट घुसला तेव्हा. काट्यांसाठी एकदाही नाही.

निवृत्त_फिटर

मुलांनो, चाक भरण्याबद्दल चार शब्द. चाळीस वर्षं हेच केलंय.

तारा ३२ घ्या, साध्या २ मिमीच्या स्टेनलेस. निपल (तार रिमला आवळणारी टोकाची फिरकी) पितळेचे. हलके म्हणून अ‍ॅल्युमिनियमचे निपल घेऊ नका. पितळेचा एक निपल साधारण एक ग्रॅमचा, अ‍ॅल्युमिनियमचा त्याच्या तिसरा हिस्सा. ६४ निपलांत वाचतात जेमतेम चाळीस-पंचेचाळीस ग्रॅम. आणि आपल्या पावसात, चिखलात, दोन-तीन वर्षांनी ते अ‍ॅल्युमिनियमचे निपल तारेवर असे धरून बसतात की पाना लावला की डोकं गोल होतं. मग चाकाचा आऊट (वाकडेपणा) काढायचा कसा?

डिस्कच्या चाकात डाव्या-उजव्या बाजूच्या तारांची लांबी बहुधा सारखी नसते. रिमचा आतला व्यास आणि हबच्या कडांची मापं घेऊन हिशेब करावा लागतो. रिम आणि हब दोन्ही हातात आल्याशिवाय तारा विकत घेऊ नका. एक मिलिमीटर इकडेतिकडे चालतं, तीन चालत नाहीत.

भरून झाल्यावर मिस्त्रीने जवळजवळच्या दोन-दोन तारा मुठीत धरून जोरात आवळल्या पाहिजेत, चाकभर, दोन-तीनदा. तेव्हा तारांचे पीळ मोडतात, कुरकुर आवाज येतो, आणि त्यानंतर पुन्हा आऊट काढायचा. हे न करता दिलेलं चाक पहिल्या शंभर किलोमीटरमध्ये ढिलं पडतं. आणि नखाने तार वाजवून बघा. एकाच बाजूच्या तारांचा आवाज सारखा आला पाहिजे. गिअरच्या बाजूच्या जास्त ताणलेल्या असतात, त्यांचा सूर वर असतो, त्याने घाबरू नका.

हब शिमानोचे घेतलेत तर आत सुट्या गोळ्या असतात. बहुधा मागे एका बाजूला पाव इंची ९, पुढे एका बाजूला ३/१६ इंची १०. पावसाळा संपला की उघडून, रॉकेलने धुऊन, नवीन ग्रीस भरायचं. आतली वाटी खराब झाली तर ती बदलता येत नाही, हब जातो. म्हणून आळस करायचा नाही.

पाणंदवाट

काका, ताई, उद्यमनगरी, सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं. अ‍ॅल्युमिनियमची २३ मिमी आतली रुंदी असलेली हूकवाली रिम, शिमानोचे ६ बोल्टचे क्विक रिलीज हब, ३२ साध्या तारा, पितळी निपल. रिम आणि हब मागवले. आल्यावर कळवतो.

एक शंका: टायर किती रुंद घ्यावा? ३३ च का?

उद्यमनगरी

३३ ही यूसीआयची (जागतिक सायकलिंग संघटनेची) शर्यतीसाठीची कमाल मर्यादा. आपल्या पाणंदीत मापाची टेप घेऊन कुणी उभं नाही. तुमच्या चौकटीत काय मावतं ते बघा. पण काळी माती लक्षात घ्या. पाऊस उघडल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती चिकट होते, टायरला थापली जाते आणि चौकटीत जाऊन अडकते. चाक फिरेनासं होतं, सायकल खांद्यावर घ्यावी लागते. टायर आणि चौकट यांच्यात दोन्ही बाजूंना निदान ६ मिमी जागा सोडा. आणि रुंद रिमवर तोच टायर एक-दोन मिमी जास्त फुगतो, तेही मोजणीत धरा.

टायरवर ट्यूबलेसची खूण बघूनच घ्या. श्वाल्बे टीएलई किंवा टीएलआर लिहितं, मॅक्सिस टीआर, डब्ल्यूटीबी टीसीएस.

पाणंदवाट

पाच आठवड्यांनी लिहितोय, उशिराबद्दल क्षमस्व.

चाकं लक्ष्मीपुरीतल्या एका जुन्या मिस्त्रींनी भरून दिली. त्यांनी आयुष्यभर साध्या सायकलींची चाकं भरली आहेत, डिस्कचं चाक क्वचित. पण काकांनी सांगितलेलं मी सांगायला लागलो तर त्यांनी मला थांबवलं आणि स्वतःच तारा मुठीत धरून आवळून दाखवल्या. तो कुरकुर आवाज मी पहिल्यांदा ऐकला. मग नखाने एकेक तार वाजवत गेले. मध्येच एका तारेपाशी थांबले, पाव फेरा दिला, पुन्हा वाजवली. चाक मध्यावर आहे की नाही हे बघायला माझ्या मित्राने उद्यमनगरात पत्र्याचं एक माप कापून दिलं होतं. मिस्त्रींनी ते लावून बघितलं आणि म्हणाले, "हे राहू दे माझ्याकडं." ठेवलं.

टेप मी घरी मारली आणि पहिल्यांदा चुकली. रिंग पुसली होती, पण साध्या फडक्याने. फॅक्टरीचं तेल राहिलं असणार. टायर बसला, रात्री भरलेली हवा सकाळी नाही. साबणाचं पाणी लावलं तर बुडबुडे वॉल्व्हच्या मुळाशी आणि दोन निपलांतून. म्हणजे हवा टेपखालून रिंगच्या पोकळीत जात होती. सगळं उघडलं, आयसोप्रोपिल अल्कोहोलने रिंग दोनदा पुसली, २५ मिमीची टेप ताणून मारली, वॉल्व्हच्या विरुद्ध बाजूपासून नाही तर वॉल्व्हच्या एक वीत अलीकडून सुरू करून पलीकडे एक वीत संपवली, म्हणजे वॉल्व्हपाशी दुहेरी थर येतो. मग वॉल्व्हचं भोक तापवलेल्या सुईने पाडलं, टायरमध्ये ट्यूब घालून, हवा भरून रात्रभर ठेवलं. टेप खोबणीत घट्ट बसली. दुसऱ्या दिवशी ट्यूब काढली, ट्यूबलेसचा वॉल्व्ह बसवला, टायर पुन्हा चढवला.

टायर बसवायला पायाचा पंप पुरला नाही. गल्लीतल्या मोटारसायकल गॅरेजवर नेला. दहा-वीस रुपयांत मिळणारं पितळी अडॅप्टर लागतं, बारीक वॉल्व्हला मोटारसायकलची नळी बसायला. कोअर काढून, कडांना साबणाचं पाणी लावून एकदम हवा सोडली. ठो, ठो, दोनदा आवाज आला आणि कड सगळीकडून सारखी वर आलेली दिसली. मग वॉल्व्हमधून ५० मिली चीक, आणि चाक हातात आडवं धरून दोन्ही बाजूंनी हलवलं.

खर्च, कुणाला उपयोग होईल म्हणून. दोन रिम ९,०००. हबची जोडी ४,२००. तारा-निपल २,०००. टेप, वॉल्व्ह आणि चीक २,८००. मजुरी १,२००. एकूण १९,२००.

निवृत्त_फिटर

छान. टायर बसल्यावर पुन्हा एकदा आऊट बघून घ्या. ट्यूबलेसचा टायर रिंगला आवळतो, तारांचा ताण थोडा उतरतो. दोनशे किलोमीटर झाले की चाक मिस्त्रींकडे न्या.

पाणंदवाट

काका, नेलं. मागच्या चाकात दोन तारा ढिल्या निघाल्या. त्यांनी पैसे घेतले नाहीत.

आता दीड महिना झाला. हवा पुढे २८, मागे ३२ पीएसआय ठेवतो. डांबरीवर लांब जायचं असेल तर ४० च्या आसपास. पाणंदीत पहिल्याच दिवशी फरक कळला. पूर्वी बैलगाडीच्या चाकोरीतून वर येताना पुढचं चाक कडेवरून निसटायचं, आता ते माती धरून वर येतं. जांभ्यावर हातांना बसणारे धक्के निम्मे झाले.

परवाचं सांगतो. बालिंग्याच्या पलीकडे पाणंदीत मागून "फिस्स फिस्स" सुरू झालं. चाक फिरेल तसा आवाज. उतरलो. बाभळीचा काटा, अंगठ्याएवढा लांब, टायरच्या मध्यावर आरपार. सवयीने हात ट्यूबच्या पिशवीकडे गेला. मग काटा उपटला. पांढरा चीक एक क्षण फवाऱ्यासारखा उडाला, पायावर आला, अगदी रुई मोडल्यावर निघतो तसा. भोक खाली येईल असं चाक फिरवून धरलं. आवाज बारीक होत गेला. मनात वीसपर्यंत मोजलं आणि थांबला. बोटाने दाबून बघितलं, हवा तीन-चार पीएसआयने कमी असेल. तसाच घरी आलो. शेजारच्या वाफ्यात पाणी पाजणारे एक आजोबा हे सगळं बघत होते. "औषध घातलंयस व्हय चाकात?" म्हणाले. हो म्हणालो.

भोगावती_काठ

हे वाचून परत मन चाळवलं बघ भावा. माझ्या सायकलला थ्रू अ‍ॅक्सल हाय. ह्यो मिस्त्री करून देईल काय? आणि चाक बघायला मिळंल का एकदा?

पाणंदवाट

नक्की देतील, फक्त हब थ्रू अ‍ॅक्सलचा घ्यावा लागेल. मागचा १४२ आहे का ते आधी मोजून या. पुढचाही बघा, जुन्या काही फोर्कना १५ मिमी असतो. रविवारी साडेपाचला फुलेवाडी नाक्यावर या, चाकं हातात घेऊन बघा, मग बरोबरच जाऊ. मिस्त्रींचं दुकान दहाला उघडतं.

शाहूपुरीची_सायकल

मीही येते. पाणंदवाट, काडी घालून बघितलीत का चीक किती उरलाय?

पाणंदवाट

आत्ताच बघितलं ताई. पुढचा ओला, मागचा जेमतेम. ३० मिली घालतोय.